बाजेखालची शेगडी आणि भिंतीवरचा अलार्म

सासरच्या घरात जावयाने हातात ड्रिल धरू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या सासूने मात्र मी रामाकोन्याला तिच्या घरात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत ते मला समजावलं. मी शिडी मागितली, तिने पाट मांडला. मी म्हणालो, जेवायला नाही आलो, वायर ओढायला आलोय. शिडी काही तिने दिली नाही. शिडी गोठ्याशेजारी उभी दिसत होती. शेवटी अंगणातले संत्र्यांचे रिकामे क्रेट एकावर एक रचून मी त्यावर चढलो. त्या दिवसापासून आमचं उघड वैर सुरू झालं.

झाकलेलं वैर त्याआधीपासून होतंच. मी पांढुर्ण्याचा, बोरगावकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सासूला मुलगी द्यायची होती शेतीवाडीच्या घरी, आणि मुलीने पसंत केला हेल्मेट घालून शिफ्टला जाणारा माणूस. सासरे वारले होते. संत्र्याची बाग मेहुणा पाहायचा, तो माझ्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि घर सासू चालवायची, चालवायची म्हणजे हाकायची. मी तिला मामी म्हणतो, आमच्याकडे तशीच रीत आहे. ती मला जवाईबापू म्हणते. आमच्या नात्यातला सगळा मान त्या दोन शब्दांत संपायचा, बाकी नुसता खडखडाट.

बायको सातव्या महिन्यात माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, याला माझी हरकत नव्हती. हरकत होती शेगडीला. डॉक्टरांनी तारीख जानेवारीतली दिली होती, आणि जानेवारीत आमच्या भागात सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. अशा दिवसांत बाळंतिणीची खोली कशी असते ते मी लहानपणापासून पाहत आलोय. एकच खिडकी, तीही चिंध्यांचे बोळे कोंबून बंद. दाराला गोधडी. आत बाज, बाजेवर आई आणि बाळ, आणि बाजेखाली लाल कोळशाची शेगडी. सकाळी न्हाऊ घातलं की त्याच निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी द्यायची, मग शेक. अंगात थंडी शिरू नये म्हणून हे सगळं, आणि करणाऱ्या बायका जीव लावून करतात हे मलाही कळतं. पण बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की जो वायू साठतो त्याला वास नसतो, रंग नसतो. कोळसा लाल झाला, धूर सरला, आता भीती नाही, असं सगळ्यांना वाटतं. घात होतो तो त्यानंतर.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. कारखान्यात भट्टीजवळ एकदा अलार्म वाजला तेव्हा आम्ही सगळे बाहेर पळालो, एक जण आतच राहिला. मी त्याला आणायला गेलो तर तो खुर्चीवर निवांत बसलेला. म्हणाला, डोकं जरा जड आहे, बसू दे. आपण उठायला पाहिजे हेच त्याला समजत नव्हतं. मी त्याला काखेत हात घालून ओढत आणला, आणि शुद्ध आल्यावर त्याने मलाच शिव्या दिल्या. तेव्हापासून मला बंद खोलीतल्या कोळशाची जी धास्ती बसली ती बसलीच.

म्हणून मी हा वायू ओळखणारे तीन अलार्म मागवले. बशीएवढे, पांढरे, घरच्या विजेवर चालणारे, आत बॅटरीही असलेले, म्हणजे लाईन गेली तरी वाजणारे. एक बाळंतिणीच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीच्या दाराबाहेर, कारण तिथे मेहुण्याने हौसेने गॅसचा गिझर बसवला होता. तिघांना जोडणारी एक वेगळी तारही ओढायची होती, म्हणजे एकाला वायू लागला की तिन्ही ओरडले असते. सासू घरात कुठेही असो, तिच्या कानाशी बोंब झाली पाहिजे, हा त्यातला हेतू.

त्या घराचं वायरिंग तिच्या लग्नाच्या वेळचं असावं. लाकडी पट्ट्या, काळी पडलेली वायर, चिनी मातीचे फ्यूज. असल्या फ्यूजच्या भरवशावर मी बायकोला सोडणार नव्हतो. मीटरजवळ नवीन एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचा खटका बसवला, तिथून सरळ लाईन घेतली आणि मध्ये कुठेही बटन ठेवलं नाही. बटन ठेवलं असतं तर सासूने ते त्याच दिवशी बंद केलं असतं. पाहुणे बसलेले असताना पंखा बंद करणारी बाई ती. मातीच्या भिंतीत स्क्रूची गिट्टी धरेना, ड्रिलचं भोक बोटाएवढं व्हायचं आणि माती भुरभुर खाली. लाकडाच्या खुंट्या तासून ठोकल्या आणि त्यांत स्क्रू पिळले. बाज कुठे ठेवणार आहात, असं मी दोनदा विचारलं, कारण अलार्म शेगडीच्या डोक्यावरही नको आणि फार लांबही नको. सासू म्हणाली, ते बायका पाहतील. मग मी अंदाजाने जागा ठरवली, उशाकडच्या भिंतीवर, झोपलेल्या माणसापासून दोन-अडीच हात वर.

तिला सगळ्यात राग आला तो त्या बारीक हिरव्या दिव्याचा. दिवसरात्र एक डोळा उघडा ठेवून ते लेकराकडे पाहत राहील, नजर लागेल, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, नजर लागली तर मीठ-मोहरी उतरवता येते, वायू लागला तर काहीच उतरवता येत नाही. मेहुणा मात्र उत्साहाने सगळं बघत होता. त्याला मी बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं. बशी धरायची, डावीकडे पिळायची, टक् करून निघते. त्याने दोनदा काढून लावून पाहिली. हुशार आहे, मी मनात म्हणालो.

शेवटी मी बटन दाबून चाचणी घेतली. तिन्ही अलार्म एकदम किंचाळले. कोंबड्या उडाल्या, शेळीने दावं ओढलं, शेजारच्या तीन-चार बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्या सगळ्यांसमोर सासू शांतपणे म्हणाली, “माह्या घरात कोनी मराची वाट पाहून राहिले जवाईबापू.”

“वाट मी नाही पाहून राहिलो मामी,” मी म्हणालो, “तुमची शेगडी पाहून राहिली.”

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी सामान आवरून तासाभरात मोटारसायकलला किक मारली. जेवलोही नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सौंसरच्या दवाखान्यात मुलगी झाली. तीन दिवसांनी सासू दोघींना रामाकोन्याला घेऊन गेली. बारा दिवस बापाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला दंडक. दाराच्या गोधडीबाहेर उभं राहून बोलायचं, फार तर गोधडीची कड उचलून कुणीतरी बाळाचं तोंड दाखवायचं. मला हे पटत नव्हतं, पण बायकोने हात जोडले होते, निदान बारा दिवस तरी आईशी भांडू नका. मी कबूल केलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी कामावर असताना मेहुण्याचा फोन आला. मागे तिन्ही अलार्म बोंबलत होते, त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. धुरी देऊन शेक चालला होता आणि हे सुरू झालं, बाळ दचकून रडतंय, आई संतापली आहे, काय करू, असं तो विचारत होता. मी म्हणालो, शेगडी बाहेर काढ, खिडकी उघड, आपोआप थांबेल. तो बरं म्हणाला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला तेव्हा सगळं शांत होतं. झालं ना, मी विचारलं. झालं, तो म्हणाला. मला त्या दिवशी जी मस्ती चढली होती ती सांगायला आता लाज वाटते. भेटेल त्याला मी सांगत होतो, माझ्या अलार्मने माझी पोरगी वाचवली.

नवव्या दिवशी रविवार होता. मी रामाकोन्याला गेलो. आत शिरल्याबरोबर आधी स्वयंपाकघरातला अलार्म पाहिला, हिरवा दिवा लागलेला. न्हाणीजवळचाही हिरवा. जीव भांड्यात पडला. सासूने पाट मांडला आणि या वेळी मी बसलो. भरल्या वांग्याची भाजी होती, भाकरी होती. मी चवीने जेवलो, दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. अर्धा तास तरी गेला असेल. त्या अर्ध्या तासाबद्दल मी सासूला कधी बोललो नाही, कारण तो माझा आहे.

हात धुऊन मी गोधडीशी जाऊन बायकोला हाक मारली. दुसऱ्या हाकेला उत्तर आलं, तेही झोपेतून आल्यासारखं. डोकं दुखतंय म्हणाली, दोन दिवस झाले, मळमळतंही. पोरगी काय करते विचारलं तर म्हणाली, निजली आहे, निजूनच आहे. दूध प्यायला उठते का विचारलं तर पुन्हा म्हणाली, निजली आहे.

सासू मागून घमेल्यात पेटते कोळसे घेऊन येत होती. तिला विचारलं तर सगळं तिच्याजवळ तयार होतं. थंडी बाधली, दुसरं काय. परवा लेकरू सारखं किरकिर करत होतं, त्याच्या आईचं डोकं धरलं होतं, म्हणून कालपासून कोळसा दुप्पट केला, खिडकीच्या फटी नव्याने बुजवल्या, तेव्हा कुठे लेकरू शांत झालं. आणखी थोडा शेक बसला की डोकंही थांबेल. कारखान्यातला तो माणूस जे बोलला होता तेच मी पुन्हा ऐकत होतो, आणि इथे त्यावर औषध म्हणून आणखी कोळसा चालला होता. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, कोळसा आत जाणार नाही.

सासूने घमेलं खाली ठेवलं नाही. तिची बोटं भाजत असली पाहिजेत. “हटा जवाईबापू,” ती म्हणाली. “माहा पयला पोरगा याच खोलीत थंडीनं गेला. आठव्या दिवशी. तवापासून मी या घरात कोळसा कमी पडू देत नाही.”

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. बायकोनेही नाही. दुसरी वेळ असती तर मी मान खाली घालून बाजूला झालो असतो. पण त्या क्षणी मला फक्त एकच गोष्ट सुचत होती. तिच्याकडे न पाहता मी गोधडीत तोंड घालून बायकोला विचारलं, भिंतीवरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना?

“कोन्ता दिवा?” आतून आवाज आला. “ते तर माईनं तवाच काढाले लावलं.”

मी गोधडी खिळ्यांसकट उपटली. आत धूर नव्हता. ओव्याचा वास होता आणि तोंडावर आदळणारी गरमी. बायकोचे गाल लालबुंद झालेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बसा म्हणाली. मी पोरीला उचललं, ती हातात लुळी लागली. तिला घेऊन अंगणात पळालो, मेहुणा बागेतून येतच होता, त्याच्या हातात दिली आणि परत जाऊन बायकोला ओढत बाहेर काढलं. सासू घोंगडी घेऊन आमच्यामागे धावत होती, वारा लागेल, ओली बाळंतीण आहे, वारा लागेल, असं म्हणत. ती पोरीवर घोंगडी घालू लागली तेव्हा मी घोंगडी हिसकून उकिरड्यावर फेकली आणि तिला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. उन्हात दोघी पडल्या होत्या. पोरगी रडेना. मग एकदाची बारीक कण्हली, आणि मी मेहुण्याला गाडी काढायला सांगितली.

संत्रे वाहायच्या गाडीतून आम्ही सौंसरला पोचलो. दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही संध्याकाळी आला असता तर माझ्या हातात काही नसतं. दोन दिवसांत दोघी सावरल्या. पोरगी दूध ओढू लागली तेव्हा मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडलो आणि मग परत येऊन मेहुण्याची कॉलर धरली.

त्याने सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी आईने पोरीचं दचकणं पाहून शपथ घातली. त्याने शेगडी बाहेर काढली नाही, एमसीबी पाडला. तरी ते बॅटरीवर वाजतच होते. मग त्याने खोलीतला अलार्म पिळून काढला, बॅटरी उपसली, कापडात गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवला. तो निघाल्याबरोबर बाकीचे दोघे गप्प झाले. त्यांना काही केलं नाही, उलट एमसीबी पुन्हा वर केला, म्हणजे मी आलो तर मला हिरवे दिवे दिसतील. मी त्याला भिंतीला रेटून विचारलं की हे करायचं डोकं तुला कुणी दिलं. त्याला रडू फुटलं होतं.

“तुमीच दाखवलं होतं ना भाऊजी,” तो म्हणाला, “कसं काढाचं ते.”

मी कॉलर सोडली.

दोघींना सुट्टी मिळाली तेव्हा मी म्हणालो, सरळ पांढुर्ण्याला. बायको म्हणाली, माईकडे. आम्ही तिथेच दवाखान्याच्या दारात भांडलो, ती खाटेवरून नुकती उठलेली आणि मी तिच्याशी भांडत होतो. ती ऐकेना. आई तिकडे एकटी बसून आहे, दोन दिवस जेवलेली नाही, मी आत्ता गेले नाही तर परत कधी त्या घरात जाऊ शकणार नाही, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी मी एका अटीवर मान्य केलं. आधी मी एकटा जाणार, खिडकी मोकळी करणार, अलार्म बसवणार, मग त्या येतील.

दुपारी मी त्या खोलीत उभा होतो. बाज मी उन्हात काढली, शेगडी घराबाहेर नेऊन खड्ड्यात टाकली, खिडकीतले बोळे एकेक करून उपसले. सासू चुलीपाशी बसून होती. तिने मला अडवलं नाही, पाणीही विचारलं नाही. पेटीतून काढलेला अलार्म तिने निमूटपणे माझ्यासमोर ठेवला होता, कापडासकट. दवाखान्यातल्या दोन दिवसांत मी तिला बोलण्यासाठी वाक्यं घासून ठेवली होती. एकेक असं की माणसाने पुन्हा तोंड वर करू नये. ती सगळी घेऊन मी स्टुलावर चढलो, बॅटरी घातली, बशी पिळून बसवली. दिवा हिरवा झाला. मग मी बशीखालच्या वायरपट्टीचे स्क्रू पिळू लागलो, मेहुण्याच्या ओढाओढीत ते ढिले झाले होते.

ती कधी आत आली मला कळलं नाही. दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसली होती, गोधडी नसलेल्या दारातून तिच्यावर ऊन पडलं होतं. बराच वेळ ती दिव्याकडे पाहत होती.

“जवाईबापू,” ती म्हणाली, “तवा हे असतं, माह्या पयल्याच्या वक्ती, त वाजलं असतं का?”

तिने काय विचारलं ते मला लगेच समजलं. काय माहीत मामी, असं म्हणता आलं असतं. थंडीनेही मुलं जातात, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. त्या काळातलं कुणाला काय कळणार. हे सगळं मला त्या क्षणी सुचलं होतं, नंतर नाही.

“वाजलं असतं,” मी म्हणालो. “शेगडी आत नेल्यावर घंटाभरात वाजलं असतं.”

बोलून मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. लग्नापासूनचा सगळा राग त्या एका वाक्यात बाहेर पडला आणि हात हलका झाला. आता ती भांडेल, शिव्या देईल, नाहीतर उठून जाईल, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

ती उठली नाही. तिने पदराने तोंडही पुसलं नाही. मान हलवली, कुणीतरी बाजारातला भाव सांगावा आणि आपण हो म्हणावं, तशी.

“तो रडून राहिला होता ना,” ती म्हणाली. “दोन दिवस सारखा रडून राहिला होता. मी कोळसा टाकत गेली. मंग निजला. मले वाटलं, ऊब लागली.”

मी भिंतीकडे तोंड करून स्क्रू पिळत राहिलो. तो केव्हाच घट्ट बसला होता.